इथे घंटा वाजत नाही

"दुसऱ्यांच्या लेकरांची यादी आहे ती, वृषाली. हे एकदा वाचल्याशिवाय हातातून सोडू नकोस," आबा म्हणाले, आणि स्पायरल बाइंडिंग केलेला चारशे पानांचा गठ्ठा त्यांनी माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

मी मान वर न करता हो म्हटलं. बाळ मांडीवर होतं. एका हाताने त्याची पाठ थोपटत होते आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने कीबोर्ड बडवत होते. आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर यादी उमटली होती, एकाखाली एक, तारखांसकट. मी लिहिलेला प्रोग्राम चालला होता. चालणाऱ्या गोष्टीचं पुस्तक कशाला वाचायचं, असं मला अगदी मनापासून वाटलं. आबांची पाठ वळल्यावर मी तो गठ्ठा उचलला आणि लॅपटॉपखाली सरकवला. पडदा चार बोटं वर आला, मान दुखायची थांबली. पुस्तकाचा तेवढा उपयोग झाला.

आबा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. घरात नवा मिक्सर आला तरी आधी त्याचं पुस्तक बाहेर निघायचं, मग मिक्सर. मी पायथन नावाची संगणकाची भाषा शिकतेय असं कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तिचं मॅन्युअल कुठाय. मी सांगितलं, इंटरनेटवर आहे, पण ते कोणी वाचत नाही, सगळे व्हिडिओ बघून शिकतात. हे त्यांना अजिबात पटलं नाही. ते त्यांनी माझ्याकडून पेन ड्राइव्हवर घेतलं आणि एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. आबा, कुठल्या परीक्षेला बसताय, असं त्याने विचारलं म्हणे. मग पंधरा दिवस रोज दुपारी सोप्यात बसून, पेन्सिल कानावर ठेवून, ते ती चारशे पानं वाचत होते.

"कळतंय का काही?" मी एकदा विचारलं.

"भाषा नाही कळत. पण मशीन कुठलंही असू दे, मॅन्युअलचा स्वभाव एकच असतोय."

मला हसू आलं होतं. बी.एस्सी. मी झाले होते, तेही फिजिक्स घेऊन.

आता ती यादी कसली, ते सांगते. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला. बाळंतपणाला माहेरी जायचा दिवस ठरला होता, त्याच्या आधी तोच येऊन दाखल झाला. दीड किलोचा. झाला खासगी दवाखान्यात, पण तिथून लगेच आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात हलवला. तिथे एकवीस दिवस काचेआड होता. त्या एकवीस दिवसांत मी भित्री झाले ती झालेच. घरी आणल्यावर त्याचे श्वास मोजायचे, दूध किती वेळा घेतलं ते लिहायचं, लंगोट किती ओले झाले ते लिहायचं. शेवटी ते सगळं मांडायला एक छोटा प्रोग्राम केला. सातव्या महिन्यात अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हा व्हिडिओ बघून जेवढं शिकले होते तेवढ्यावर. नवरा पुण्यात नोकरीला, सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली, माझी आई महिनाभर राहून परत गेलेली. घरात मी, बाळ आणि आबा.

बाळाचं वजन करायला गेले तेव्हा कक्षाच्या लोखंडे सिस्टरांनी तो लंगोटांचा हिशोब माझ्या फोनवर बघितला. त्या आधी पोटभर हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे माझ्या बाळांचं करून देशील का?"

वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा आतला पडदा पुरता तयार झालेला नसतो. काहींच्या पडद्यावर रक्ताच्या नळ्या भलत्याच वाढतात आणि पडदा ओढून काढतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बाळ छान दूध पितं, छान झोपतं. जन्मानंतर महिन्याच्या आत डोळे तपासले आणि तसं काही आढळलं, तर लेसर लावून थांबवता येतं. उशीर झाला तर नजर जाते आणि परत येत नाही. आमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टर मुजावर मॅडम मिरजेहून दर गुरुवारी यायच्या. कुठल्या बाळाला कुठल्या गुरुवारी बोलवायचं, हे लोखंडे सिस्टर रजिस्टरातून बोटं मोजून काढायच्या आणि बुधवारी एकेका घरी फोन करायच्या. शिवाय टेबलावर त्यांची एक लाल कापडाची उशी होती. घरी सोडलेल्या पण डोळ्यांच्या तपासण्या पुऱ्या न झालेल्या प्रत्येक बाळाची एक टाचणी त्या उशीत. शेवटची तपासणी झाली की टाचणी बाहेर. गेली अकरा वर्षं हा कारभार त्यांच्या डोक्यात आणि त्या उशीत होता.

आणि आता लोखंडे सिस्टर मुलीच्या लग्नासाठी दहा दिवसांच्या रजेवर लातूरला निघाल्या होत्या. बदलीवर येणाऱ्या सिस्टर नव्या. म्हणून यादी हवी होती. त्यात भर म्हणजे त्या आठवड्यातल्या गुरुवारनंतरचे दोन गुरुवार मुजावर मॅडम येणार नव्हत्या. जे बाळ या गुरुवारी राहील, ते तीन आठवडे राहील.

रुग्णालयातल्या संगणकावरची फाईल मला मिळाली होती. माझा मुलगा बाहेर जन्मलेला, तेव्हा तसा तो एकटाच, त्याचं रजिस्टर वेगळं, म्हणून त्या फाईलमध्ये तो नव्हता. त्याची ओळ मी स्वतः टाकली, अगदी शेवटी. शेवटची ओळ पडद्यावर चटकन दिसते. मला ती दिसायला हवी होती. प्रोग्राम प्रत्येक वेळी चालवला की आधी मी ‘वृषाली पाटील यांचे बाळ’ शोधायचे. त्याचं बारसं वजन दोन किलो झाल्यावर करायचं ठरलं होतं, तोवर त्याला दुसरं नाव नव्हतं. कक्षात सगळीच बाळं अशी आईच्या नावावर. ओळ सापडली की जीव खाली पडायचा.

मंगळवारी छापलेली यादी घेऊन गेले. सिस्टर निघायच्या घाईत होत्या. त्यांनी यादीवर पेन फिरवत ओळी मोजल्या, सेहेचाळीस. मग सवयीने उशीतल्या टाचण्या मोजल्या, सत्तेचाळीस.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांनी पुन्हा मोजल्या. पुन्हा सत्तेचाळीस.

"माझीच एखादी जास्त टोचली गेली असेल," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या गडबडीत डोकं ठिकाणावर आहे कुठे. तुझं मशीन थोडंच चुकणार."

माझ्या मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू. पण सिस्टर स्वतःच असं म्हणाल्या, आणि यादीत माझ्या बाळाचं नाव होतं. मी घरी आले.

बुधवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. नव्या सिस्टर होत्या. पाटीलबाई, उद्या नऊ वाजता बाळाला घेऊन या, दुसरी तपासणी आहे. मी हो हो म्हणत होते आणि आतून उकळ्या फुटत होत्या. माझ्याच यादीने मला फोन केला होता. नव्या सिस्टर म्हणाल्या की उद्याचे सगळे फोन झाले, आणि यादी फार सोपी आहे.

बाळाला दूध पाजलं, झोळीत घातलं. त्याची दुपारची झोप एक तास वीस मिनिटांची असायची, लिहून ठेवलेलं होतं. त्या आनंदात मी लॅपटॉप उघडला आणि माझी यादी पुन्हा एकदा, नुसती कौतुकाने, वरून खाली वाचायला लागले. बाराव्या ओळीवर माझं बाळ होतं.

बारावी ओळ?

मी तर त्याला सगळ्यात शेवटी टाकलं होतं. यादी फाईलच्याच क्रमाने छापली जात होती. मग तो सेहेचाळिसाव्या जागी हवा. आजवर नाव सापडलं की मी पुढे बघितलंच नव्हतं, ते कितव्या जागी आहे याच्याशी मला काय करायचं होतं. आता ते बघितलं आणि लाल उशी डोळ्यांपुढे आली.

फाईलमधल्या ओळी मोजायला लावल्या. सत्तेचाळीस. यादीत सेहेचाळीस. म्हणजे टाचणी बरोबर होती. म्हणजे माझ्या प्रोग्रामने एक बाळ गिळलं होतं.

डोकं भन्नाट चालायला लागलं. कुठल्या तरी व्हिडिओतल्या तीन ओळी उचलल्या आणि प्रोग्रामला विचारलं की फाईलमधलं कुठलं नाव यादीत नाही ते सांग. त्याने उत्तर दिलं की सगळी नावं आहेत. एकूण एक. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बाळ एक कमी, आणि नाव एकही कमी नाही. मी ज्या व्हिडिओवरून शिकले होते तो लावला. त्यातला हसरा मुलगा मित्रांची नावं आणि फोन नंबर घालून दाखवत होता: हे बघा, नाव द्यायचं, त्या नावाच्या कप्प्यात माहिती ठेवायची, याला म्हणतात डिक्शनरी, किती सोपं. माझ्या प्रोग्राममध्येही असेच कप्पे होते, आईच्या नावाचे. त्याच्या चारही मित्रांची नावं वेगळी होती. काय केलं की काय चालतं, ते तो सांगत होता. काय केलं की काय बिघडतं, ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. दुसरा व्हिडिओ तसाच, तिसराही तसाच. बावीस मिनिटं गेली. झोळी हलली, मी पायाने झोका दिला.

मग माझी नजर लॅपटॉपखाली गेली.

गठ्ठा ओढून काढला. शेवटच्या पानांवर अक्षरवार सूची होती. डिक्शनरी हा शब्द शोधला, पान क्रमांक मिळाला, पान उघडलं. इतकं सरळ. तिथे हसरा मुलगा नव्हता, गंमत नव्हती, मित्र नव्हते. बारीक टायपात एकामागून एक कोरडी वाक्यं होती, आणि प्रत्येक वाक्य, हे केलं तर हे होतं आणि ते केलं तर ते होतं, असं सांगत होतं. मी एकेक ओळ बोटाने वाचत खाली आले. अर्ध्या पानावर इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा, की एका नावाखाली एकच गोष्ट मावते. तेच नाव पुन्हा आलं की नवी गोष्ट ठेवली जाते आणि आधीची निघून जाते.

त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात आबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे घंटा वाजत नाही.’

मी पुढचं पान उलटलं. तिथे अजून एक रेघ. नावाखालची गोष्ट बदलली तरी त्या नावाची जागा पहिली होती तीच राहते. पुन्हा समासात, ‘इथेही नाही.’

बारावी जागा. माझं बाळ बाराव्या जागी होतं, कारण ती जागा त्याची नव्हती. तिथे आधी कुणीतरी होतं, त्याच नावाचं.

फाईल उघडली आणि माझंच नाव शोधलं. दोन वेळा सापडलं. सत्तेचाळिसाव्या ओळीत मी. आणि बाराव्या ओळीत: वृषाली पाटील यांचे बाळ. मुलगी. जन्माचं वजन एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. गाव वाघदरे. जन्माला सव्वीस दिवस झालेले. पहिली तपासणी या गुरुवारी, म्हणजे उद्या.

मी आबांना हाक मारली. ती बहुधा जोरात मारली गेली, कारण ते शेजाऱ्यांची इस्त्री दुरुस्त करत होते ती तशीच हातात घेऊन आले. त्यांना पान दाखवलं, दोन ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा वर सारून पडद्यावरची दोन्ही नावं नीट वाचली.

"घंटा म्हणजे काय, आबा?"

"एक्स्चेंजात लाइन तुटली की घंटा वाजायची. ती वाजली की भ्यायचं कारण नसायचं, माणूस धावायचा. पण काही बिघाड असे असतात, की इकडं दिवा हिरवा, घंटा गप, आणि तिकडं गिऱ्हाईक रिसीव्हर कानाला लावून बसलेलं. मॅन्युअलमध्ये मी पहिल्यांदा त्या जागा हुडकायचो. तुझ्या पुस्तकात अकरा सापडल्या."

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं की. वाच म्हणालो," आबा म्हणाले. मग गठ्ठ्याच्या मलपृष्ठावर लॅपटॉपच्या पायांचे चार गोल वळ उठले होते, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

फाईलमधल्या नंबरवर फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कक्षात फोन केला. नव्या सिस्टर दचकल्याच, रजिस्टर काढून बघते आणि तिथल्या आशाताईंना गाठायचा प्रयत्न करते म्हणाल्या. झोळीत एक पाय बाहेर आला होता. माझ्याकडे अर्धा तास उरला होता.

आबांनी इस्त्री खाली ठेवली आणि कपाटातून एक डायरी काढली. जुने लाइनमन, गाववार. वाघदऱ्याला सर्जेराव नावाचा. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. आधी दोघांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, मी तोवर उभ्या जागी नाचत होते.

"वृषाली पाटील?" सर्जेराव म्हणाला. "साहेब, वाघदऱ्यात चार घरं सोडली तर सगळी पाटीलच की. कुठली वृषाली?"

"महिन्याभरापूर्वी मुलगी झालेली."

"मग गिरणीमागची. थांबा, चप्पल घालतो."

तो गेला. मी प्रोग्राम उघडून बसले, हातांना काहीतरी काम हवं होतं. नावाचा कप्पा करायचा नाही, मग कशाचा करायचा? आबा मागे उभे होते.

"आमच्या डिरेक्टरीत पाटलांची सोळा पानं होती," ते म्हणाले. "एका पाटलानं दुसऱ्याला कधी खाल्लं नाही. नावाला लाइन कोण जोडतंय? नंबराला जोडायची. नाव आपलं माणसाच्या सोयीसाठी."

रजिस्टरात प्रत्येक बाळाला नोंदणी क्रमांक होता. आठवड्याभरापूर्वी मीच तो रकाना बिनकामाचा म्हणून बाजूला टाकला होता. आणि गावाचाही. लोखंडे सिस्टर बाळांना कधी नुसत्या नावाने ओळखत नसत. त्या म्हणायच्या वाघदऱ्याची, शिरगावची, कारखान्याजवळची. माझ्या यादीत मी त्यांचं गावच काढून घेतलं होतं.

फोन वाजला. सर्जेरावाचा. "साहेब, पोरगी घरात नाही. माहेराला हाय."

 पहिलटकरीण, ओली बाळंतीण. ती सासरी कशी सापडेल? मी स्वतः सासरी होते ते अपवाद म्हणून, आणि आबांच्या तर लक्षातच आलं नव्हतं. फाईलमधला नंबर तिच्या नवऱ्याचा, तो टेम्पोवर, घाटात रेंज नाही. पण सर्जेराव लाइनमन होता, लाइन अर्धी सोडून परत येणारा नव्हे. त्याने सासूकडून माहेरचं गाव घेतलं होतं, भावाचा नंबर घेतला होता, आणि तो नंबर चालू आहे का तेही स्वतः लावून बघितलं होतं.

मी नंबर फिरवला. भाऊ रानात होता, घराकडे पळत गेला. पळतानाचा त्याचा श्वास ऐकू येत होता. मग दार वाजलं, मग एक बाळ रडताना ऐकू आलं, अगदी माझ्या बाळासारखं, पातळ आवाजात, मांजराच्या पिलासारखं. मग तिचा आवाज.

मी सांगितलं की उद्या सकाळी नऊला डोळे तपासायला यायचं आहे. काही झालं तरी उद्याच.

"आम्ही वाटच बघत होतो, ताई," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या होत्या, बुधवारी फोन येईल, मग या. सकाळपासून दादाला फोन खिशात ठेवायला लावलाय, त्याचाही नंबर सिस्टरांना दिलाय. फोन आला नाही. आई म्हणाली, आला नाही म्हणजे आपलं बरं असणार."

 फोनची वाट बघू नका, या, एवढंच म्हणाले.

"तुम्ही नव्या सिस्टर का?"

"नाही. मीपण वृषाली पाटील."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते.

त्या दुपारी बाळ झोळीतून उठायच्या आत प्रोग्राम बदलून झाला. कप्पे नोंदणी क्रमांकाचे केले. आणि मॅन्युअलमध्ये शोधून आणखी एक गोष्ट घातली: एखादा क्रमांक आधीच असेल, तर पुढे जायचं नाही, थांबायचं आणि आवाज करायचा. खात्री करायला मुद्दाम एकच क्रमांक दोनदा टाकला. लॅपटॉप खणखणीत वाजला. बाळ दचकून उठलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. आबा इतके खूश झाले की त्यांनी मला ते आणखी दोनदा वाजवायला लावलं. मग खरी यादी काढली. सत्तेचाळीस. त्या रडण्याच्या गोंगाटात आम्ही दोघं पडद्यासमोर लहान पोरांसारखे हसत होतो.

गुरुवारी ती नऊच्या आधीच आली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कानाला रुमाल बांधलेली, सोबत आई. आम्ही एकाच बाकावर बसलो. दोघींच्या बाळांना डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले होते आणि दोन्ही बाळं सारखीच वैतागली होती. आत हाक आली, ‘वृषाली पाटील’, तशा आम्ही दोघी एकदम उठलो. मुजावर मॅडमनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "गाव सांगा बाई, गाव."

आधी माझा झाला. ठीक आहे, पुढच्या वेळी या. मग ती आत गेली. माझ्या बाळाला पाच मिनिटं लागली होती. तिला वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. माझा नंबर झालेला होता, घरी जायला मोकळी होते. माझा पाय निघेना.

मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि तिच्या आईशी खाली वाकून बोलल्या. दोन्ही डोळ्यांत नळ्या वाढल्या होत्या, वेगाने. आजच मिरजेला यायचं, लेसर करायचं. त्यांनी गाडी सांगितली. मग ‘आज आलात’ एवढंच म्हणून त्या थांबल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुढचे तीन आठवडे त्यांनी मनात मोजले असणार. मीही मोजले.

गाडी यायची होती. ती माझ्याशेजारी बसली, मुलगी पदराआड.

"तुम्ही फोन केलात म्हणून, ताई," ती म्हणाली.

तेव्हा तिला सांगून टाकलं. तिची मुलगी यादीत होती, पहिल्यापासून होती. तिच्या जागेवर माझं बाळ बसलं होतं. आठ दिवस रोज मी ती यादी बघत होते, आणि रोज फक्त माझं बाळ आहे का तेवढंच बघत होते. ते सापडलं की यादी बंद.

तिने मुलीचं टोपडं नीट केलं, मग माझ्या मुलाचंही नीट केलं, ते घसरलं होतं.

"मी असते तर मीपण आधी माझंच बघितलं असतं," ती म्हणाली. "पण मग मोजलं असतं का, काय माहीत."

गाडी आली.

लोखंडे सिस्टर लग्न लावून परतल्या तेव्हा सगळी हकिगत ऐकून त्यांनी आधी लाल उशी माझ्या नाकासमोर धरली. "माझी टाचणी बरोबर होती तर," म्हणाल्या. पुढची कित्येक वर्षं त्या मला हे ऐकवत राहिल्या. यादी माझीच वापरली, पण उशी टेबलावरून हलवली नाही. मीही हलवू दिली नसती.

याला नऊ वर्षं झाली. वाघदऱ्याची शिवांजली चष्मा लावते आणि फळ्यावरचं वाचते. माझा इंद्रजित बिनचष्म्याचा आहे आणि घरातली एकही वस्तू त्याला कधी सापडत नाही. मी आता याच भाषेवर पोट भरते. आबा नाहीत. तो गठ्ठा आहे, चार गोल वळांसकट, पण आता लॅपटॉपच्या शेजारी. अकरा जागांपैकी प्रत्येक जागेने मला एकेकदा तरी वाचवलं आहे. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते, व्हिडिओ बघा, हरकत नाही, पण मग मॅन्युअल उघडा आणि आपण वापरलेला प्रत्येक शब्द तिथे जाऊन विचारा, तू न सांगता काय काय करतोस. त्या मान वर न करता हो म्हणतात.

पण हे लिहायला बसले ते तेवढ्यासाठी नाही. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुठे एखादं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल. नुकतंच घरी आलं असेल. दूध पीत असेल, झोपत असेल, सगळे म्हणत असतील की छान आहे. आज जरा त्या घरी जा, किंवा फोन करा, आणि त्याच्या आईला विचारा की डोळ्यांचा पडदा तपासून झाला का. तिची यादी कोणी केली, मला माहीत नाही. ती जर म्हणाली की अजून तिकडून फोन आला नाही, तर चप्पल घाला.